त्रेसष्ट बायका, चोपन्न मतं

मित्रांनो, मी मतं मोजणारी एक जुनी पेटी आहे. निवडणुकीच्या दिवसांत टीव्हीवर जी यंत्रं दिसतात त्यांच्या कुळातली मी नव्हे, हे आधीच सांगते. त्यांच्या मागेपुढे गाड्या असतात, पोलीस असतात. मला एका फुलाफुलांच्या जुन्या चादरीत गुंडाळून रिक्षाने नेतात. कारखान्यात उरलेल्या पत्र्यातून, जेवणाच्या सुट्टीत, एका फिटरने मला बनवलं. तरी तीस वर्षं मी ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत मतं मोजत फिरले. सोसायट्या, शाळा, मंडळं, कुठे कुठे म्हणून गेले नाही! आणि जिथे गेले तिथे माझ्याबद्दल एकच गोष्ट बोलली गेली. माणूस आपला-परका बघतो, पेटी बघत नाही; तिला सगळे सारखे.

ते खरं नव्हतं. ते खरं नाही हे कसं उघडकीला आलं तेच आज तुम्हाला सांगायचं आहे. त्यात माझी फुशारकी थोडी आणि कबुली जास्त आहे.

माझा जन्म वागळे इस्टेटमधला. तिथे एका कारखान्यात विजेची पॅनेलं बनत आणि सहदेव तिथे फिटर होता. राजापूरकडचा माणूस, बोलायला कमी, हाताला पक्का. कारखान्यात कामगारांचं एक मंडळ होतं. कँटीनच्या आमटीपासून सुट्ट्यांपर्यंतच्या तक्रारी हे मंडळ साहेबांकडे नेई. दर वर्षी मंडळाचा प्रमुख निवडायचा, तोही हात वर करून. हात वर होत तेव्हा एक साहेब दाराशी उभे राहून कुणाचा हात कुणासाठी वर गेला ते बघत. साहेबांना न आवडणाऱ्या माणसासाठी ज्याचा हात वर जाई, त्याची पुढच्या महिन्यात नेमकी रात्रपाळी लागे. सहदेवची सलग दोन वर्षं लागली. तिसऱ्या वर्षी त्याने मला बनवायला घेतलं.

माझी रचना सोपी आहे. वर सहा लाल बटणं, प्रत्येकाभोवती एक उंच कडं, म्हणजे चुकून हात लागून बटण दाबलं जायला नको. प्रत्येक बटणाशेजारी एक छोटा दिवा. पोटात आकडे पुढे सरकवणारी सहा चक्रं आणि एक भोंगा. माझ्यापासून एक लांब वायर निघते, तिच्या टोकाला एक खटका. टेबलाशी बसलेल्या माणसाने खटका ओढला की मी एका मतापुरती जागी होते, भोंगा वाजला की पुन्हा झोपते. एका माणसाला दोनदा दाबता येऊ नये म्हणून ही सोय.

आता एक बारीकशी गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. माझ्या प्रत्येक बटणाखाली पितळेच्या दोन पट्ट्या आहेत, एकीखाली एक. बटण दाबलं की आधी वरची पट्टी टेकते. तिने दिवा लागतो आणि भोंगा वाजतो. आणखी दाबलं की खालची टेकते, आणि तिने आकडा सरकतो. सहदेवच्या हिशेबाने या दोन्ही गोष्टी एकाच दमात व्हायच्या. त्याने प्रत्येक बटण शंभर शंभर वेळा दाबून पाहिलं, स्वतःच्या उजव्या अंगठ्याने. दिवसभर पान्हे फिरवणारा अंगठा तो. शंभराला शंभर वेळा दिवा लागला आणि शंभर वेळा आकडा सरकला. सहदेवने मला पुसून राखाडी रंग दिला.

त्या वर्षी एकशे अठरा कामगारांनी मत दिलं आणि माझ्या पोटात बरोबर एकशे अठरा मतं निघाली. साहेब नेहमीसारखे दाराशी उभे होते, पण त्यांना नुसत्या पाठी दिसल्या. निकाल लागल्यावर कामगारांनी सहदेवला खांद्यावर घेतलं आणि त्याच्यामागून मला. मला इतकं बरं वाटलं होतं की आजही ते आठवलं की माझा पत्रा जरा ताठ होतो.

पुढे कारखाना बंद पडला. सहदेवने जवळच एका गाळ्यात दुरुस्तीचं दुकान काढलं आणि मला सोबत नेलं. माझं नाव हळूहळू पसरलं. कुणी ठाण्यातूनच येई, कुणी विठ्ठलवाडीहून, कुणी मोहन्याहून. घरं बांधून झालेल्या नव्या सोसायट्यांना चेअरमन निवडायचा असे, शाळांना विद्यार्थी-प्रतिनिधी. मुलांना मी फार आवडे. भोंगा वाजला की ती खिदळायची.

पण कारखान्याबाहेर पडल्यापासून एक गोष्ट होऊ लागली. सह्या आणि मतं जुळेनात. सोसायटीच्या वहीत ऐंशी सह्या असत आणि माझ्या पोटात अठ्ठ्याहत्तर मतं. दुसरीकडे शंभर आणि सत्त्याण्णव. शाळांतही पहिली-दुसरीची मुलं मत द्यायला आली की एक-दोन कमी पडायची. फरक लहान असे. टेबलावरचा माणूस वही मिटत म्हणे, दोघा-तिघांनी बटणच दाबलं नसेल, म्हातारी माणसं असतात, गोंधळतात. सगळे मान डोलावत आणि चहाकडे वळत.

मला खरं काय ते ठाऊक होतं का? होतं. कोणतं बोट कुठवर आलं ते माझ्याइतकं कुणाला कळणार? हलक्या हाताने बटण दाबलं की वरचीच पट्टी टेकायची. दिवा लागायचा, भोंगा वाजायचा, माणूस समाधानाने निघून जायचा, आणि आत आकडा जागचा हलायचा नाही. वर्षं गेली तशा माझ्या स्प्रिंगा गंजून कडक झाल्या, खालच्या पट्ट्या वाकून आणखी खाली गेल्या, आणि हे जास्तच होऊ लागलं. मला तोंड नाही, मित्रांनो. सांगायला माझ्याकडे होता तो फक्त दिवा, आणि तोच खोटं बोलत होता.

ठाण्यातल्या एका सोसायटीत सखुबाई नावाच्या निवृत्त शिक्षिका चेअरमनपदाला उभ्या होत्या. त्यांना मत देणारी बरीचशी माणसं त्यांच्याच वयाची. त्या तीन मतांनी पडल्या आणि माझ्यात पाच मतं कमी होती. सभेत कुणीतरी हसत म्हणालं की बाईंच्या पार्टीला बटण दाबता येत नाही. सखुबाईही हसल्या, पण त्यानंतर त्या सोसायटीच्या कुठल्याच सभेला आल्या नाहीत. हे मला नंतर, दुसऱ्या वर्षी तिथे गेले तेव्हा कळलं. मला फार लाज वाटली. पण लाजेने पट्टी सरळ होत नाही.

मग मोबाइलवर मतं घ्यायची पद्धत आली आणि माझी मागणी आटली. दुकानाच्या माळ्यावर मी चार वर्षं चादरीत पडून होते. मधल्या काळात सहदेवला अर्धांगाचा झटका आला. तो उठला, काठी घेऊन हिंडूफिरू लागला, पण त्याच्या उजव्या हातातला जोर गेला तो गेलाच. दुकान आता त्याचा मुलगा संदेश बघतो. तो जास्त करून वजनकाटे दुरुस्त करतो. वजनकाट्यामुळेच दक्षता आमच्याकडे आली.

दक्षता कोळी मुलगी, तिशीच्या आतबाहेरची. डोंबिवली पश्चिमेला खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक जुना मासळी बाजार आहे, तिथे ती मासळी विकते. हातात प्लॅस्टिकचे मोजे घालते, गिऱ्हाइकाला मोबाइलवर फोटो पाठवते. तिचा काटा चुकीचं वजन दाखवत होता म्हणून ती वागळे इस्टेटपर्यंत आली होती. संदेश काटा उघडत असताना तिची नजर माळ्यावर गेली आणि तिने माझ्याबद्दल विचारलं. माझी माहिती ऐकून ती म्हणाली, हेच पाहिजे होतं.

त्यांच्या बाजारात तेव्हा एक मोठा प्रश्न उभा होता. जुना बाजार पाडून दोन मजली नवा बांधायचं ठरलं होतं. त्रेसष्ट बायका, निम्म्यांना तळमजल्यावर जागा, निम्म्यांना वर. कुणी कुठे बसायचं हे बायकांनीच आपली एक प्रमुख निवडून ठरवायचं होतं. कलावती म्हणून एक जुन्या विक्रेत्या होत्या, त्यांचं म्हणणं होतं की साठीच्या पुढच्या बायकांना आधी खाली जागा द्या, मग उरलेल्यांचं बघा. दक्षताचं म्हणणं, सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाका. गिऱ्हाईक जिना चढत नाही, खाली बसेल तिचाच धंदा होईल, आणि पोरंबाळं तरुण बायकांनाही आहेत. दोघींचं म्हणणं आपापल्या जागी रास्त होतं. म्हणून त्या दोघी उभ्या राहिल्या. हात वर करून मत घ्यावं तर सासू एकीकडे आणि सून दुसरीकडे, घरी गेल्यावर भांडणं. म्हणून पेटी.

या सगळ्यात सर्वांत जास्त कुणाचं अडलेलं होतं तर मनुबाईचं. मनुबाई बहात्तर वर्षांची. बाजाराच्या दाराशी, नळाजवळ, ती चाळीस वर्षं बसत आली होती. तिचे गुडघे इतके गेलेले की पाटी डोक्यावर घेऊन एक पायरीही चढणं तिला जमत नसे. वरचा मजला वाट्याला आला तर तिला धंदा सोडून घरी बसावं लागणार होतं, आणि घरी बसणं म्हणजे काय असतं हे तिने कधी पाहिलंच नव्हतं.

मतदान गुरुवारी दुपारी ठेवलं, गुरुवारी बाजारात गिऱ्हाईक कमी म्हणून. दोन खांबांमध्ये ताडपत्री बांधून तिच्याआड मला एका उलट्या क्रेटवर ठेवलं. संदेश बाहेर वही आणि खटका घेऊन बसला. त्याने सुरुवातीलाच सगळ्यांना बजावलं की ओल्या बोटाने बटण दाबू नका, जुनं मशीन आहे, झटका बसेल. त्याने ते चांगल्या मनाने सांगितलं होतं. पण मासळी विकणाऱ्या बाईचं बोट कधी कोरडं असतं का? दक्षतासारख्या मोजे घालणाऱ्या पोरींनी मोजे काढले आणि कोरड्या बोटाने खटकन बटण दाबलं. म्हाताऱ्यांची बोटं बर्फाने गारठलेली, सुरीने चिरलेली, वर ओली. झटक्याच्या भीतीने त्यांनी बोटाला पदराचं टोक गुंडाळलं, नाहीतर बोट मुडपून पेराने दाबलं. उंच कड्यात पेर खोलवर जाईना. पदराची घडी मध्ये आली. दिवा मात्र प्रत्येकीला लागला.

अशा नऊ जणी माझ्यासमोर आल्या आणि गेल्या. नऊ वेळा मी भोंगा वाजवला आणि नऊ वेळा आकडा हलला नाही. मनुबाई त्यांतली चौथी. तिने बटणावर पेर टेकवलं. दिवा लागल्यावर तिने सुस्कारा सोडला आणि मला उगाचच हात जोडले. मित्रांनो, त्या नमस्काराने मला जेवढं खजील केलं तेवढं आणखी कशानेही केलं नाही.

संध्याकाळी संदेशने सगळ्यांसमोर माझं झाकण उघडून आकडे वाचले. दक्षता एकोणतीस, कलावती पंचवीस. वहीत त्रेसष्ट सह्या-अंगठे आणि मतं चोपन्न. संदेशने दुकानात वर्षानुवर्षं ऐकलेलं वाक्य उच्चारलं, की नऊ जणींनी बटण दाबलंच नाही. मागून कुणीतरी म्हणालं, म्हाताऱ्या घाबरल्या असतील. थोडं हसू झालं. तेव्हा मनुबाई खांबाला धरून उभी राहिली.

"मी दाबला," ती म्हणाली. "दिवा पेटला, भोंगा पन वाजला. मंग माजा मत गेला कुठं?"

संदेशने तिला समजावलं. "मावशी, नीट दाबलं नसेल तुम्ही. मशीनला काय, सगळे सारखेच."

"चालीस वर्सं सुरी चालवतंय मी. तू मना दाबाला शिकवतंस?"

संदेशने माझं झाकण उघडंच ठेवलं, सगळ्यांना जवळ बोलावलं आणि सहाही बटणं एकेकदा दाबून दाखवली. सहाही आकडे सरकले. झालं, मशीन ठीक आहे असं सगळ्यांचं मत पडलं. मनुबाईने स्वतः दाबून दाखवावं असं कुणाच्याही मनात आलं नाही. यंत्र बिघडलंय का ते यंत्रवाल्यानेच बघायचं, असंच सगळ्यांना वाटलं. मनुबाईलाही तसंच वाटलं असावं. ती खाली बसली आणि पाटीवरचं फडकं उगाच सारखं करत राहिली. कलावती गप्प होत्या. हरलेल्या बाईने तक्रार केली की लोक तिला रडकी म्हणतात, हे त्या जाणून होत्या.

पेढे आणायला एक पोरगी निघालीसुद्धा होती. दक्षताने तिला थांबवलं. शेवटच्या रांगेत बसलेल्या मनुबाईकडे बघून ती संदेशकडे वळली.

"संदेशदादा, नऊ जणी लाइनीत अर्धा तास उभ्या राहून बटण न दाबता निघून जातील, हे मला नाही पटत. जिंकलेली मी आहे ना, मग मीच बोलते. मशीन नीट चेक करा. सोमवारपर्यंत निकाल नाही."

तिच्या मैत्रिणी वैतागल्या. चार मतांनी हातात आलेलं कुणी असं सोडतं का, असं त्यांनी तिला तोंडावर विचारलं. पेटी आणायची टूम आपलीच होती, हे दक्षताला टोचत असणार, असं मला वाटलं.

शुक्रवारी सकाळी दुकानात संदेशने सहदेवला झाला प्रकार सांगितला. सहदेव असा चिडलेला मी क्वचितच पाहिला. माझी पेटी तीस वर्षांत एकदाही चुकली नाही, तो म्हणाला, आण ती इकडे. त्याने काठी बाजूला ठेवली, मला मांडीजवळ ओढलं आणि सवयीने उजवा अंगठा पहिल्या बटणावर ठेवून दाबला. दिवा लागला. भोंगा वाजला.

माझं झाकण उघडंच होतं. आकडा हलला नव्हता. सहदेवने संदेशला पुन्हा खटका ओढायला सांगितलं आणि दुसरं बटण दाबलं. मग तिसरं. दिवे लागत गेले. आकडे तिथेच. मग त्याने डाव्या हाताने दाबून पाहिलं, आणि चक्र टक् करून सरकलं. सहदेवने सगळी बटणं पुन्हा एकदा उजव्याने आणि पुन्हा एकदा डाव्याने दाबली. दुकानात आलेलं गिऱ्हाईक संदेशने खुणेनेच परत पाठवलं.

"संदेश," सहदेव म्हणाला, "ही मी माझ्या अंगठ्यासाठी बनवली होती रे. तेव्हाच्या."

संदेशने आधी वेगळाच मार्ग काढला. स्प्रिंगा बदलू, पट्ट्या सरळ करू, सोमवारी मशीनमध्ये थोडी गडबड होती एवढंच सांगू आणि पुन्हा मतदान घेऊ. खरं काय ते सांगितलं तर गेल्या तीस वर्षांत जिथे जिथे पेटी गेली तिथली सगळी माणसं विचारायला येतील, त्यांना काय सांगायचं? त्याची भीती खोटी नव्हती. सहदेवने त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग त्याने पेटी कुठे कुठे गेली होती त्याची यादी आठवून आठवून सांगितली आणि संदेशला फोन लावायला बसवलं. बऱ्याच जणांना ती निवडणूकच आठवत नव्हती. काही जण हसले. सखुबाईंच्या सोसायटीत फोन लागला तेव्हा कळलं की त्या दोन वर्षांपूर्वीच गेल्या. संदेशने मोबाइल खाली ठेवला. त्यानंतर तो गडबड वगैरे काही बोलला नाही. सोमवारी मी पण येतो, सहदेव म्हणाला, सांगायचं ते मीच सांगेन.

सोमवारी बाजार जवळपास रिकामा होता, पण त्रेसष्टच्या त्रेसष्ट जणी आल्या होत्या. सहदेव काठी टेकत आला आणि मला क्रेटवर ठेवायला लावून, झाकण उघडं ठेवून, त्याने आपल्या लुळ्या अंगठ्याने बटण दाबलं. दिवा लागला, भोंगा वाजला. आकडा बघा, तो म्हणाला. पुढच्या बायका वाकून बघू लागल्या आणि मागच्यांना सांगू लागल्या. मग त्याने मनुबाईला बोलावून घेतलं. तिने गुरुवारी दाबलं होतं तसंच, पेराने दाबलं. दिवा लागला. आकडा हलला नाही. मनुबाईने माझ्या पोटात डोकावून नीट पाहिलं.

"चूक तुमची कुणाचीच नव्हती," सहदेव म्हणाला. "बनवताना मी माझाच हात बघितला. बाकीच्यांचे हात मला दिसलेच नाहीत. मला माफ करा."

मग कलावतींनी त्याच्यासाठी एक स्टूल पुढे सरकवलं.

आता पुन्हा मत कसं घ्यायचं? माझ्यावर तर भरवसा उरला नव्हता, आणि उरू नये हे योग्यच होतं. मनुबाई म्हणाली, खाडीतल्या तिसऱ्यांच्या रिकाम्या शिंपल्या घ्या की, त्या कुणालाही उचलता येतात. मग तसंच ठरलं. दोन मडकी आणून ताडपत्रीआड ठेवली. एकावर कलावतींची बांगडी ठेवली आणि दुसऱ्यावर दक्षताचा मोजा, म्हणजे वाचता न येणारीलाही कळावं. बाहेरची शिंपली कुणी टाकली तर ओळखू यावी म्हणून त्रेसष्ट शिंपल्यांना हळद लावली, एकेकीला एक. सहदेव बघत होता. शिंपली मडक्यात पडली की खडखडेल, बाहेरच्यांना कुठल्या बाजूने आवाज आला ते कळेल, असं त्याने लगेच ओळखलं. मत कुणाला दिलं ते कळता कामा नये याच्यासाठी तर त्याने मला बनवलं होतं. त्याच्या सांगण्यावरून दोन्ही मडक्यांच्या तळाशी ओलं गोणपाट घातलं. मग एकही शिंपली वाजली नाही.

कलावती तेहेतीस, दक्षता तीस. बेरीज त्रेसष्ट.

हिशेब करून बघा. माझ्यातून निसटलेल्या नऊ मतांपैकी आठ कलावतींची होती आणि एक दक्षताचं. माझी चूक सगळ्यांना सारखी लागली असती तर निकाल एवढा पालटला नसता. पण ती नेमकी थकलेल्या हातांवर पडली होती, आणि थकलेल्या हातांचं म्हणणं एका बाजूला होतं. दक्षताचं ते एक मत कुणाचं होतं, तेही मी जाणते. पण ते मी कुणाला सांगणार नाही. तेवढं एक काम मी आयुष्यभर चोख केलंय.

दक्षताने कलावतींना पेढा भरवला. पुढे जागांची यादी लागली तेव्हा तिला वरच्या मजल्यावरची, जिन्यापासून लांबची जागा आली. तिच्या मैत्रिणी अजून तिला त्यावरून बोलतात. मनुबाईला तळमजल्यावर दाराशी जागा मिळाली. नव्या इमारतीचे खांब आता उभे राहिलेत आणि ती येता-जाता आपली जागा बघून घेते.

संदेश मला भंगारात देईल असं मला वाटलं होतं. सहदेवने देऊ दिलं नाही. तो सांगत गेला आणि संदेशने माझ्या वायरी फिरवल्या. आता माझा दिवा आणि भोंगा, दोन्ही आकड्याच्या मागे जोडलेत. आकडा सरकला तरच दिवा लागतो, नाहीतर नाही. स्प्रिंगाही नव्या बसवल्या. आणि या वेळी सहदेवने मला स्वतः तपासलं नाही. संदेशने मला पुन्हा बाजारात नेलं आणि मनुबाईच्या पाटीशेजारी ठेवलं.

तिने पेराने बटण दाबलं. दिवा लागला नाही. संदेश ओशाळला, सॉरी मावशी म्हणत स्क्रू काढू लागला.

"असू दे," मनुबाई म्हणाली. "आता खोटा तरी नाय बोलत. माज्या मतासाठी मना परत दाबाला तरी येल."

संदेशने स्प्रिंग आणखी नरम केली, कडं घासून खाली आणलं. तिने पुन्हा दाबलं. तरीही नाही. तिसऱ्यांदा त्याने स्प्रिंगच बदलली, पेनातली असते तसली एक बारीक. मनुबाईने पेर टेकवलं आणि आतलं चक्र टक् करून सरकलं, आणि मग दिवा लागला. ती दिव्याकडे बघत राहिली. नंतर बाकीच्या पाचांनाही तसल्याच स्प्रिंगा बसल्यावर तिने गंमत म्हणून सहाही बटणं दाबली.

मित्रांनो, तुमच्या शाळेत, घरात, बिल्डिंगमध्ये नवनवी यंत्रं येतील. ती आली की घरातला सर्वांत धडधाकट माणूस पुढे होऊन बटण दाबतो आणि चालतंय म्हणून सांगतो. तुम्ही तसं करू नका. आधी आजीला दाबू द्या, लहान भावंडाला दाबू द्या, ज्याचा हात थरथरतो त्याला दाबू द्या. आम्ही जुने झालो की आम्हाला तेलपाणी करा, झाकण उघडून बघत जा, कारण आमचा दिवा चालू आहे म्हणजे आम्ही ठीक आहोत असं नसतं. आणि कुणी म्हाताऱ्या बाईने सांगितलं की मी दाबलं होतं, तर तिला दाबायला शिकवू नका. आधी पेटी उघडा.